गोळ्यांनी रडू थांबलं पण थकवा हटेना: बाईंच्या डिप्रेशनची आणि स्लीप ॲप्नियाची केस

ही केस लिहायची परवानगी बाईंनी स्वतः दिलीय, "लिहाच, आमच्यासारख्या खूप जणी असतील" असं त्याच म्हणाल्या. ओळख पटेल असे तपशील तेवढे बदललेत. सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत त्या गणित शिकवतात, वय ५३, शाळेत सगळे बाई म्हणतात म्हणून मीही इथे बाईच म्हणते. मी समुपदेशक आहे, औषधं देत नाही. त्यांच्या सायकियाट्रिस्ट डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं तेव्हा गोळ्या सुरू होऊन वर्ष उलटून गेलेलं.

सुरुवात कधी झाली हे बाईंनाही नीट सांगता येत नव्हतं. पाळी ४९ व्या वर्षी गेली, त्यानंतर दोन-तीन वर्षांत वजन आठ-नऊ किलोनी वाढलं, बीपीची गोळी लागली, आणि हळूहळू सगळं जड व्हायला लागलं. सकाळी उठल्यावर डोकं धरलेलं, ते दहापर्यंत सुटायचं नाही. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागायचं, शुगर तपासली तर नॉर्मल. ऑफ तासाला स्टाफरूममध्ये टेबलावर डोकं टेकलं की डुलकी लागायची. पेपर तपासताना बेरजा चुकायला लागल्या, आणि गणिताच्या बाईंची बेरीज चुकणं म्हणजे किती लागणारी गोष्ट ते शिक्षक असेल त्यालाच कळेल. एकदा एका पालकाने तीन मार्कांची चूक सगळ्यांसमोर दाखवली, त्या दिवशी घरी येऊन त्या तासभर रडल्या. मग रडणं रोजचंच झालं. चिडचिड, भजनी मंडळ सोडलं, शेजारणीकडे जाणं बंद, भाजी निवडायला घेतली तरी अर्ध्यात ठेवून आडवं व्हायचं. मिस्टर सरकारी नोकरीत, बदलीच्या गावी, शनिवार-रविवार येणार. मुलगा-सून पुण्यात. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस बाई घरात एकट्या. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे यावरच सगळं फिरणार आहे.

फॅमिली डॉक्टरांनी तपासण्या केल्या. हिमोग्लोबिन जरा कमी, थायरॉइड ठीक, बी १२ कमी म्हणून इंजेक्शनं झाली, फरक थोडाच पडला. मग सायकियाट्रिस्ट. तिथे पीएचक्यू-९ हा प्रश्नांचा फॉर्म भरला, त्यात ९ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बाईंचे १७ आले, म्हणजे चांगलंच डिप्रेशन. एस्सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी सुरू झाली आणि ती लागूही पडली हं, सहा-आठ आठवड्यांत रडू कमी झालं, मरून गेलेलं बरं असं अधूनमधून वाटायचं तेही थांबलं. पण पुन्हा फॉर्म भरला तर १३. डोस वाढवला, तरी १३ च. थकवा, एकाग्रता, झोप, अंगाचा जडपणा, हे रकाने जागचे हलेनात. मध्येच एक नवीन त्रास, पहाटे तीनच्या सुमारास दचकून जाग यायची, छाती धडधडतीय, घशाला कोरड, जीव गुदमरल्यासारखा. याला सगळ्यांनी पॅनिक समजलं आणि झोपताना क्लोनाझेपामची, म्हणजे घबराट कमी करून झोप आणणारी गोळी जोडली गेली. त्यानंतर सकाळचं डोकं आणखी जड.

माझ्याकडे आल्या तेव्हा पहिल्या काही सेशनमध्ये मला एक गोष्ट खटकत राहिली. डिप्रेशनमध्ये बहुतेकांचा रसच आटलेला असतो, काही करावंसंच वाटत नाही, आवडीचं पुढ्यात आणून ठेवलं तरी मन तिकडे वळत नाही. बाईंचं वाक्य वेगळं होतं. "मला करावंसं वाटतं हो, दहावीच्या मुलांचे जादा तास घ्यायचेत, अभंग ऐकायचेत, पण अंगच उठत नाही." हे दर वेळी. आता यावरून काही निदान होत नाही, डिप्रेशनमध्येही अंग उठत नाहीच, आणि गोळ्यांनी इच्छा परत आलेली असू शकते. तरी मी ते नोंदवून ठेवलं आणि झोपेचं सविस्तर विचारलं. झोप लागते का, तर पडल्या पडल्या लागते. घोरता का, तर चटकन उत्तर, "छे, आमच्यात कोणी नाही घोरत, मिस्टर घोरतात." तेवढ्यावर तो विषय मिटला, कारण त्या आठवड्याभर झोपतात एकट्या, आणि मिस्टर शनिवारी येतात ते दमून बाहेरच्या खोलीत पंख्याखाली झोपतात. रात्री दुसरं कुणी बघणारंच नव्हतं.

उलगडा झाला तो लग्नघरात. पुतणीचं लग्न, कार्यालयात बायकांना एक मोठा हॉल, गाद्या टाकून पंधरा-वीस जणी झोपलेल्या. थोरल्या नणंदेला पाठदुखीमुळे झोप नव्हती. त्यांनी बघितलं की वहिनी मोठ्यांदा घोरतीय, मग एकदम शांत, छाती-पोट हलतंय पण आवाज नाही, श्वासच नाही, मग बऱ्याच वेळाने मोठा आचका देऊन पुन्हा घोरणं सुरू. त्या घाबरल्या, दोनदा हलवून उठवलं, बाई "काय झालं" म्हणून कूस बदलून परत झोपल्या. सकाळी त्यांना काहीच आठवत नव्हतं. पण नणंद हुशार, त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ घेऊन ठेवलेला. मला त्या नणंदेचं मनापासून कौतुक आहे, कारण लग्नघरात अशा गोष्टीवर हसून विषय संपवतात, तिने तसं केलं नाही, बाजूला घेऊन सांगितलं की वहिनी हे डॉक्टरला दाखवायचं.

बाईंनी तो व्हिडिओ दोन आठवडे कुणाला दाखवला नाही. लाज वाटली. "बाईमाणसाने असं घोरायचं?" हे त्यांचे शब्द. मला इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण ही लाज फक्त त्यांची नाही. पुरुष घोरला तर घरात चेष्टा होते पण ते चालतं, उलट गाढ झोपलाय म्हणतात. बाईने घोरणं म्हणजे काहीतरी बेढब, त्यामुळे बाया सांगत नाहीत, विचारलं तर नाही म्हणतात, पाहुण्यांकडे गेल्या तर रात्रभर जाग्या राहतात. आणि वैद्यकाच्या बाजूनेही बराच काळ स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, हा जाड्या, घोरणाऱ्या, मध्यमवयीन पुरुषांचा आजार अशीच प्रतिमा होती. आपल्याकडे मुंबईत हिंदुजा हॉस्पिटलमध्ये डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला, खूप महत्त्वाचं काम, त्यात झोपेत श्वास बिघडण्याचं प्रमाण १९.५ टक्के आणि दिवसा झोप येण्यासकटचा पूर्ण सिंड्रोम ७.५ टक्के सापडला, पण तो अभ्यास ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचाच होता. बायकांमध्ये पाळी गेल्यावर धोका वाढतो, आणि त्या डॉक्टरकडे जातात ते थकवा, डोकेदुखी, झोपमोड, उदास वाटणं घेऊन, "मी घोरते" घेऊन नाही. मग कागदावर जे उतरतं ते डिप्रेशन.

शेवटी व्हिडिओ सायकियाट्रिस्टना दाखवला. त्यांनी तो बघून ताबडतोब छातीच्या डॉक्टरांकडे पाठवलं आणि पुण्यात एक रात्र स्लीप स्टडी झाली, डोक्याला-छातीला-बोटाला वायरी लावून झोपायचं. रिपोर्टमधला मुख्य आकडा म्हणजे एएचआय, तासाला किती वेळा श्वास बंद पडतो किंवा अर्धवट होतो. ५ च्या आत नॉर्मल, १५ पर्यंत सौम्य, ३० पर्यंत मध्यम, त्यापुढे गंभीर. बाईंचा ३४. सहा तास झोपल्या धरलं तर एका रात्रीत दोनशे वेळा. ऑक्सिजन एका क्षणी ७४ टक्क्यांपर्यंत खाली गेलेला. सगळ्यात वाईट अवस्था स्वप्नांच्या झोपेत, म्हणजे आरईएममध्ये, आणि ती झोप पहाटेकडे जास्त असते. पहाटे तीनचं ते दचकणं पॅनिक कमी आणि गुदमरणं जास्त होतं.

नेमकं होतं काय ते सांगते. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, ज्यांचा मार्ग आधीच अरुंद आहे त्यांचा तो ओढल्या श्वासाबरोबर मिटतो, शहाळ्यातली कागदी स्ट्रॉ ओली झाल्यावर जोरात ओढलं की चिकटते तसा. छाती ओढतीय पण हवा आत येत नाही, ऑक्सिजन उतरतो, मेंदूला धोका कळतो आणि तो काही सेकंदांपुरतं जागं करतो, घसा उघडतो, आचका येतो, परत झोप. हे जागं होणं इतकं छोटं की सकाळी आठवत नाही, त्यामुळे माणूस शपथेवर सांगतो मी रात्रभर झोपलो. पण प्रत्येक वेळी शरीरात संकट आल्यासारखी धावपळ होते, नाडी वाढते, बीपी वर जातं. बंद घशावर छाती ओढत राहिली की हृदयावर ताण पडतो आणि त्यातून लघवी वाढवणारं हार्मोन सुटतं, म्हणून रात्रीचं उठणं. कार्बन डायऑक्साइड साचतो, सकाळच्या डोक्याचं ते एक कारण मानतात. आणि मूडचं म्हणाल तर भावना आवरायचं, विचार लावायचं काम मेंदूचा जो पुढचा भाग करतो त्याला तुटक झोप आणि कमी ऑक्सिजन दोन्ही बाधतं, वर्षानुवर्षं हे चाललं तर शरीरात आतल्या आत सूजही (इन्फ्लमेशन) वाढते असं दिसलंय. क्लोनाझेपामसारख्या गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करू शकतात आणि मेंदूचं ते वाचवणारं जागं होणं लांबवू शकतात, म्हणून बाईंची सकाळ त्या गोळीनंतर बिघडली असावी असं डॉक्टरांचं मत पडलं.

हे फक्त एका केसचं नाही. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चौदाशेहून जास्त लोकांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेला अभ्यास २००६ साली आला, त्यात सौम्य ॲप्निया असणाऱ्यांत डिप्रेशनची शक्यता साधारण दुप्पट आणि मध्यम किंवा त्याहून जास्त असणाऱ्यांत अडीचपटीच्या आसपास दिसली, म्हणजे ॲप्निया वाढला तसं डिप्रेशनही वाढत गेलेलं. २०१२ मध्ये अमेरिकेच्याच सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने नऊ हजारांहून जास्त प्रौढांच्या माहितीवरून काढलं की आठवड्यातून पाच किंवा जास्त रात्री झोपेत आचके किंवा श्वास थांबणं असेल तर डिप्रेशनची शक्यता पुरुषांत आणि बायकांत दोन्हींत तिपटीच्या आसपास. साध्या घोरण्याशी मात्र तसा संबंध सापडला नाही, त्यामुळे कृपया प्रत्येक घोरणाऱ्याला डिप्रेशनची भीती घालू नका.

रिपोर्ट आल्यानंतरच्या सेशनला बाईंनी जो प्रश्न विचारला तो मला या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. "म्हणजे मला डिप्रेशन नव्हतंच का, एवढी वर्षं मी उगाच वेडी ठरले का?" त्यात सुटका होती आणि प्रचंड राग पण होता. जाऊबाईंनी आळशी म्हटलेलं, हेडमास्तरांनी "मॅडम लक्ष कुठेय" म्हटलेलं, स्वतःच स्वतःला रोज रात्री बोललेलं, सगळं त्या दिवशी वर आलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, डिप्रेशन होतं. मरणाचे विचार खरे होते, गोळीने ते थांबले हेही खरं. पीएचक्यू-९ मधले झोप, थकवा, एकाग्रता, मंदपणा हे प्रश्न ॲप्नियातही होकारार्थीच येतात, त्यामुळे १७ मधले काही गुण श्वासाचे असणार, पण हताशपणा आणि मरणाचे विचार यांचे गुण श्वासाच्या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. एकाने दुसऱ्याला खतपाणी घातलं. ॲप्नियाने थकवलं, थकव्याने कामात चुका, चुकांनी अपमान, अपमानाने लोकांत जाणं बंद, घरात बसून वजन वाढलं, वजनाने ॲप्निया वाढला. यात मूळ कोण आणि फांदी कोण हे ठरवायला बसलं तर वर्ष जाईल, उपचार दोन्हीचे करायचे. नवं निदान मिळाल्याच्या आनंदात गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका हे त्यांना लिहून दिलं, कारण त्या दिवशी त्यांच्या मनात तेच चाललं होतं, त्या बोलल्या पण.

उपचार म्हणजे सीपॅप मशीन. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, नाकावर मास्क आणि त्यातून सतत हलक्या दाबाची हवा, त्या दाबाने घसा मिटत नाही. कल्पना साधी आहे पण रोज वापरणं साधं नाही. पहिला धक्का खर्चाचा, मशीन हजारो रुपयांचं, बाईंकडे पगार होता म्हणून जमलं, सगळ्यांचं जमत नाही हे मी विसरू शकत नाही. दुसरा धक्का मास्कचा. पहिल्याच रात्री तासाभरात काढून फेकला, "नाकावर कोणी हात दाबल्यासारखं होतंय." पहिले दोन आठवडे मशीनमधल्या वापर नोंदवणाऱ्या कार्डावर रोजचे दीड-दोन तास. आणि यात एक वाईट फेरा असतो, डिप्रेशन असलेला माणूस मास्क लवकर सोडतो, त्याला वाटतं याने तरी काय होणार, आणि मास्क सोडला की डिप्रेशन हलत नाही. म्हणून मशीन घरी पोचवून दिलं की काम संपलं असं समजू नये, मास्क अंगवळणी पडेपर्यंत सोबत लागते.

इथे समुपदेशनाचा उपयोग झाला. रात्रीचं सोडून दिलं आणि दिवसा सराव केला, संध्याकाळी मालिका बघताना आधी नुसता मास्क हातात धरून नाकाला, मग पट्टा लावून, मग मशीन चालू करून वीस मिनिटं, आडवं न होता. धडधड वाढली तर काढायचा, शांत झालं की परत लावायचा, पण सोडून द्यायचा नाही. बारीक अडचणी खूप निघाल्या. त्या अंबाडा घालून झोपायच्या, मागचा पट्टा त्यावर बसेना आणि बाजूने हवा सुटायची, मग सैल वेणी. नाक कोरडं पडून रक्ताचा ठिपका दिसला, डॉक्टरांनी हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर लावायला सांगितला. मोठा मास्क बदलून नाकपुड्यांवर बसणारा छोटा घेतला. लाइट जाते म्हणून मशीन इन्व्हर्टरवर जोडलं. मिस्टरांनी सुरुवातीला "हे असलं आयसीयूसारखं घरात" म्हटलं, मग एका शनिवारी ते आतल्या खोलीत झोपले आणि सकाळी म्हणाले, "आज घर एकदम शांत होतं."

दुसऱ्या महिन्यात सरासरी साडेचार तास, तिसऱ्यात साडेपाच. सगळ्यात आधी गेली सकाळची डोकेदुखी, मग रात्रीचं लघवीला उठणं एकावर आलं, मग स्टाफरूममधली डुलकी. मूड सगळ्यात शेवटी हलला, आणि हे घरच्यांना आधी सांगून ठेवायला हवं, नाहीतर आठवड्याभरात "फरक नाही" म्हणून मशीन कपाटात जातं. तिसऱ्या महिन्याअखेर पीएचक्यू-९ चे गुण ६. सायकियाट्रिस्टनी क्लोनाझेपाम हळूहळू कमी करत बंद केलं, एस्सिटालोप्राम चालू ठेवलं.

ऑस्ट्रेलियात पर्थमध्ये झालेला २०१५ चा अभ्यास बाईंच्या या प्रवासाशी खूप जुळतो. तिथे नव्याने ॲप्निया निघालेल्या २९३ जणांपैकी ७३ टक्क्यांना लक्षणीय डिप्रेशन होतं, आणि ज्या २२८ जणांनी तीन महिने रोज सरासरी पाच तास किंवा जास्त मशीन वापरलं त्यांच्यात ते ९ जणांपुरतं उरलं. ज्यांच्या मनात सुरुवातीला स्वतःला इजा करण्याचे विचार होते असे ४१ जण होते, तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी कुणातही ते टिकून नव्हते. आकडे थक्क करणारे आहेत पण पूर्ण वाचावेत, तिथे तुलनेसाठी मशीन न दिलेला गट नव्हता, आणि जे नेमाने वापरतात त्यांचाच हिशोब यात आहे. खोट्या, म्हणजे पुरेसा दाब न देणाऱ्या मशीनशी तुलना करून झालेल्या प्रयोगांचे निकाल इतके एकसारखे नाहीत. माझं मत विचाराल तर सीपॅप हे डिप्रेशनचं औषध म्हणून विकू नये, पण गोळ्यांना अर्धवट दाद देणाऱ्या माणसाचा श्वास तपासल्याशिवाय "औषधाला दाद न देणारं डिप्रेशन" असा शिक्का मारणं मला पटत नाही.

मशीनने जे गेलं नाही तेही सांगायला हवं. उरलेल्या ६ गुणांत एकटेपणा होता. मुलगा गेल्यावर रिकामं झालेलं घर, निवृत्ती जवळ आलेली, नवरा आठवड्याचे दोन दिवस. अंगात ताकद आल्यावर हे जास्तच टोचायला लागलं, कारण आधी विचार करायलाही शक्ती नव्हती. त्यावर आम्ही पुढे सहा-सात महिने काम केलं. भजनी मंडळ परत सुरू झालं ते बाईंनी ठरवून, एक दिवस जाऊन बघू असं म्हणत. दहावीचे जादा तासही. जाऊबाईंशी एकदा बोलणं झालं, त्यांनी माफी वगैरे मागितली नाही, पण त्यांच्या नवऱ्याचं घोरणं कुठे दाखवायचं तेवढं विचारलं.

मी आता कुणाचीही पहिली माहिती घेताना "घोरता का" असं नुसतं विचारत नाही, कारण त्याचं उत्तर माणसाला स्वतःला माहीतच नसतं. रात्री शेजारी कोण झोपतं ते विचारते. कुणी नसेल तर मोबाईल उशाशी ठेवून दोन-तीन रात्री आवाज रेकॉर्ड करायला सांगते. सकाळी तोंड कोरडं असतं का, डोकं धरतं का, रात्री किती वेळा उठता, बसल्या बसल्या झोप लागते का, गाडी चालवताना लागते का, बीपी आहे का, पाळी गेलीय का, गळ्याचा घेर किती, हे विचारते. यातलं बरंच जुळलं तर डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी देते, निदान ते करतील. बारीक माणसालाही ॲप्निया असू शकतो, आपल्याकडे काहींच्या जबड्याची आणि गळ्याची ठेवण अशी असते की कमी वजनातही होतो, त्यामुळे बघूनच "तुम्हाला नसणार" असं मी म्हणत नाही. आणि मरणाचे विचार असतील तर स्लीप स्टडीची वाट बघायची नाही, त्याच दिवशी सायकियाट्रिस्ट, किंवा १४४१६ या टेलीमानस, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या नंबरवर फोन, तिथे मराठीत बोलता येतं.

बाईंचं सध्या असं आहे की गोळीचा डोस अर्ध्यावर आलाय, पुढे कधी थांबवायची ते डॉक्टर ठरवतील. वजन चार किलो उतरलंय, डॉक्टर म्हणतात आणखी उतरलं तर स्टडी परत करून मशीनचा दाब बघू. मे महिन्यात गावी गेल्या तेव्हा मशीन नेलं नाही, पाचव्या-सहाव्या दिवशी डोकं जड आणि विनाकारण रडू आलं, मुलाला सांगून ते मागवून घेतलं. धाकट्या भावाला बीपी आहे, तोही घोरतो, त्याच्या मागे लागून त्यांनी त्याची स्टडी करून घेतली, त्याचा एएचआय २२ आला. तो अजून मास्क लावायला तयार नाही, म्हणून पुढच्या महिन्यात बाई त्याला माझ्याकडे घेऊन येणार आहेत.